रिकाम्या नाट्यगृहातले प्रेक्षक

काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या विद्यार्थ्यांचे शिबिर घेऊन आम्ही दोघे मेळघाटात सेमाडोहला गेलो होतो. संध्याकाळी व्हरांड्यात एकांकिकेची तालीम चालली होती. समोर प्रेक्षक कोणी नाही. पलीकडे सिपना नदी आणि काळोख. तेव्हा एका विद्यार्थिनीने रिकाम्या खुर्च्यांवर शाली, टोप्या, कुणाचा चष्मा असे मांडून ‘प्रेक्षक’ बसवले. आम्ही हसलो, आणि लगोलग ओशाळलोही. कारण उत्तर-आधुनिकतेवरील तिच्याच निबंधावर ‘खेळकरपणा फार, गांभीर्य कमी’ असा शेरा मारून आम्ही गुण कापले होते.

त्या खुर्च्यांमुळे आम्हांला पूर्वी पाहिलेली पणजीची कला अकादमी आठवली. चार्ल्स कोरिया यांची मांडवीकाठची ही वास्तू १९८३ साली पूर्ण झाली. तिथल्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी जुन्या नाट्यगृहाचे सज्जे आणि त्यांत बसलेली गोवेकर मंडळी रंगवली. त्यामुळे तालमीच्या वेळीही नट तिथे एकटा नसतो. दोना पावलाजवळच्या ‘सिदाद द गोवा’ या हॉटेलातही कोरियांनी रंगवलेल्या दारा-खिडक्यांनी पाहुण्यांना असेच चकवले.

याच सुमारास, १९८१ मध्ये, मिलानमध्ये एत्तोरे सोत्सास आणि त्यांचे सहकारी ‘मेम्फिस’च्या नावाने तिरक्या फळ्यांची रंगीबेरंगी कपाटे मांडत होते. पुस्तक सरळ उभे राहिलेच पाहिजे का, असा जणू त्या कपाटांचा प्रश्न! हा खेळकरपणा वर्गात शिकवताना आम्ही त्याला ‘मूल्यांचे विसर्जन’ म्हणून मोकळे होत असू.

कोरियांची कारकीर्द मात्र या सूत्रात मावत नाही. साबरमतीचे गांधी स्मारक संग्रहालय (१९६३) साधे, कौलारू, जवळजवळ मौन पाळणारे आहे. १९६५ साली त्यांनी प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांच्यासह खाडीपलीकडच्या नव्या मुंबईची कल्पना मांडली आणि १९७० ते ७५ या काळात तिचे मुख्य वास्तुविशारद म्हणून काम केले. पुढे बेलापूरला त्यांनी अल्प उत्पन्न गटासह निरनिराळ्या गटांसाठी छोटी घरे बांधली. प्रत्येकाला स्वतःची मोकळी जागा, आणि ऐपत येईल तसे घर वाढवण्याची मुभा. रहिवाशांनी ती इतकी वाढवली की मूळ घर ओळखू येऊ नये.

आता वाटते, कला अकादमीचा सज्जा आणि बेलापूरचे अंगण ही एकाच वृत्तीची दोन रूपे आहेत. खेळ म्हटला की समोरच्यासाठी एक डाव राखून ठेवावा लागतो. तो राखणे हेच कोरियांचे गांभीर्य. आम्ही आमच्या शेऱ्यात तेवढी जागा ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला सांगितले, तो शेरा आमचा चुकलाच. तिने शांतपणे विचारले, “सर, मग गुण?”

गुण केव्हाच विद्यापीठात पोचले होते.