पाइपांच्या गावी

जिनिव्हाला गेलेला मराठी माणूस साधारणपणे तीन गोष्टी करून परततो. सरोवरातल्या उंच कारंज्यापुढे फोटो काढतो, घड्याळांच्या किमतींचे मनातल्या मनात रुपये करतो आणि चॉकलेटांनी बॅग भरतो. या तिन्ही गोष्टी आम्ही यथासांग उरकल्या. चौथ्या दिवशी आमच्या कन्येने (ती तेथेच नोकरीला असते) मोटार काढली आणि सरहद्द ओलांडून आम्हां उभयतांना फ्रान्सच्या ज्यूरा डोंगरांत नेले. गावाचे नाव सँ-क्लोद. "आईच्या पिशवीतल्या त्या वस्तूचे माहेर हेच," एवढेच ती म्हणाली.

गाव मोठे देखणे. बियेन आणि ताकाँ या दोन नद्यांचा संगम, सभोवार उभे कडे आणि त्यांच्या कुशीत एकावर एक रचून ठेवल्यासारखी उंच घरे. आपल्याकडे संगम म्हटला की देऊळ आलेच. येथेही जुने कॅथीड्रल आहे. आत पंधराव्या शतकातली लाकडी कोरीव आसने आहेत. त्यांतली एक बाजू 1983 सालच्या आगीत जळाली आणि कारागिरांनी ती पुन्हा उभी केली.

सातव्या शतकातल्या क्लोद नावाच्या संताचे हे क्षेत्र. त्याच्या देहाच्या दर्शनाला राजेरजवाड्यांपासून गोरगरिबांपर्यंत सारे येत. फ्रान्सच्या राणीने 1499 साली जन्मलेल्या आपल्या मुलीचे नाव याच संतावरून क्लोद ठेवले. पुढे ती राणी झाली आणि तिच्या नावाने फ्रान्समध्ये एक हिरवट, मधुर प्लमही ओळखले जाऊ लागले. क्रांतीच्या धामधुमीत, 1794 साली, संताचा तो देह जाळण्यात आला. पण यात्रेकरूंनी गावाला एक देणगी आधीच देऊन ठेवली होती. आळंदी-पंढरपूरला गेलेला वारकरी तुळशीची माळ घेतल्यावाचून परतत नाही, तसा येथला यात्रेकरू लाकडी मण्यांची जपमाळ घेई. मणी कातायला कातारी हवेत. ज्यूरामधला हिवाळा लांबलचक. शेतावर बर्फ साचले की शेतकरी घरातल्या लेथपाशी बसे. अशा रीतीने अख्खा डोंगर कातकामात तरबेज झाला.

देवभक्तीने शिकवलेली कला तंबाखूच्या कामी आली, ही या गावाची खरी गंमत. तपकिरीच्या डब्या झाल्या आणि लाकडाच्या व शिंगाच्या पाइप-नळ्याही झाल्या. म्हणजे पाइपची वाटी दुसऱ्याची, पण नळी सँ-क्लोदची! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाची गाठ येथे आली. तेच ब्रायर. हे लाकूड निखाऱ्याला सहजी दाद देत नाही. मग वाटीही येथेच कोरली जाऊ लागली आणि सँ-क्लोदची जगभर पाइपांची राजधानी म्हणून ख्याती झाली. एके काळी हजारो हात या धंद्यात होते. कामगारांनी 1881 साली आपली सहकारी संस्था काढली. तिच्या वास्तूत आज नाटके आणि सिनेमे होतात. 1966 साली पाइपकारांचे एक मंडळही स्थापन झाले. आता मात्र पाइप करणारी घरे बोटांवर मोजावीत इतकीच उरली आहेत.

अशाच एका लहानशा कारखान्यात आम्ही शिरलो. एक सत्तरीचे गृहस्थ निळा अंगरखा घालून शेगड्यासमोर बसले होते. त्यांचे फ्रेंच आणि आमचे मराठी यांच्यामध्ये कन्या दुभाषी म्हणून उभी राहिली. वाट्या करण्याचे काम दुसऱ्या खोलीत चालले होते. हे गृहस्थ फक्त तोंडात धरायची नळी करीत.

"लोक वाटी पाहून पाइप विकत घेतात," ते म्हणाले, "पण नळी चांगली असली तरच तो जवळ ठेवतात."

त्यांच्या हातात एक काळाभोर दांडका होता. ते एबोनाइट. रबरात भरपूर गंधक घालून ते तापवत ठेवले की शिसवीसारखे काळे नि कठीण होते. अमेरिकेतल्या गुडइयर बंधूंच्या खटपटीतून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हा पदार्थ जन्मला. आपल्या जुन्या फाउंटनपेनच्या निबाखाली जी काळी जीभ असते ती याचीच, आणि राजमहेंद्रीला हाताने कातलेल्या पेनांचे अंगही याचेच. एबोनाइट येण्यापूर्वी नळ्या शिंगाच्या असत, श्रीमंतांच्या तृणमण्याच्या. शिंगाचे पापुद्रे सुटतात, तृणमणी चटकन तडकतो. हल्ली अ‍ॅक्रिलिकही वापरतात. त्याची चकाकी वर्षानुवर्षे टिकते, पण ते दातांना टणक लागते. एबोनाइट दाताखाली किंचित नमते, म्हणून जाणकारांचा जीव त्याच्यावर.

प्रथम दांडक्याचे एक टोक लेथवर कातून बारीक केले. वाटीच्या दांडीत जाऊन बसणारे हे टोक, म्हणजे आपल्या सुताराचे कुसू. ते सैल झाले तर नळी गळून पडते आणि घट्ट झाले तर दांडी चिरते. जोड बसवून गृहस्थांनी तो खिडकीच्या उजेडापुढे धरला. फटीतून प्रकाशाची रेघ दिसली नाही, तेव्हा पुढले काम.

नंतर आतला मार्ग. कुसवाच्या बाजूला तो सुमारे चार मिलिमीटरांचा गोल असतो आणि तोंडाकडे निमुळता होत जातो. शेवटी मात्र तो पंख्यासारखा पसरून चपटी चीर बनतो. सुईसारख्या कानशीने ही चीर दोन्ही अंगांनी हळूहळू रुंद करायची. हा सारा खटाटोप कशासाठी? तर धूर अडखळू नये म्हणून. आत कोठे पायरी राहिली की तेथे धूर घुटमळतो, त्यातली वाफ गार होऊन पाणी साचते आणि पाइप आपल्या गुडगुडीसारखा गुडगुडू लागतो. गुडगुडीला ते शोभते, पाइपला नाही! गृहस्थांनी नळी ओठांशी धरून नुसती हवा ओढली, कान देऊन ऐकले, मान हलवली आणि पुन्हा कानस उचलली. आम्हांला काही ऐकू आले नव्हते. त्यांना बारीकशी शीळ ऐकू आली होती.

मग बाहेरचा आकार. कानशीने दोन्ही बाजू सपाट करत नळी दातांच्या जागी जेमतेम चार मिलिमीटर जाडीची ठेवायची, आणि अगदी टोकाला दात अडकावेत म्हणून बारीक कंगोरा राखायचा. जाड राहिली तर जबडा अवघडतो, फार पातळ झाली तर दात आरपार जातात. बाकदार नळी हवी असेल तर आत मऊ तार घालून ती तापवायची, म्हणजे वाकवताना आतला मार्ग मिटत नाही. वाकवून गार केली की बाक कायम राहतो. शेवटी पॉलिशपेपरचे खरखरीतपासून तलमपर्यंत एकेक हात, आणि कापडी चाकावर झिलई.

एवढे झाल्यावर सौ.ने पिशवीतून ती वस्तू काढली. तिच्या मामांचा पाइप. मामा गणिताचे प्राध्यापक. मुंबईच्या फोर्टातल्या एका दुकानातून त्यांनी तो पहिल्या पगारात घेतला होता. दांडीवर बारीक अक्षरांत 'सँ-क्लोद' असा छाप आहे. नळी हिरवट पडली होती.

गृहस्थांनी ती बोटांनी चाचपली. "हे डाव्या बाजूला धरत. आणि विचार करताना चावत. डोक्याचे काम करणारे होते का?"

सौ. थक्क झाली. ते हसले. कंगोऱ्यामागे दातांचे दोन खोल ठसे होते, तेच त्यांनी वाचले होते. मग म्हणाले, "एबोनाइट आपला मूळ आकार विसरत नाही. थोडे तापवले की हे ठसे आपोआप वर येतील. पाच मिनिटांत नळी नवी करून देतो."

सौ. पटकन म्हणाली, "नको!" या शब्दाचे भाषांतर करावे लागले नाही.

मग तिनेच कन्येकरवी सांगितले की मामा तोंडाच्या कर्करोगाने गेले. ज्या डाव्या बाजूला पाइप असे, त्याच गालात तो झाला होता. गृहस्थ बराच वेळ बोलले नाहीत. जर्मन शरीरशास्त्रज्ञ झोमरिंग याने 1795 सालीच पाइप ओढणाऱ्यांच्या ओठांच्या कर्करोगाची नोंद करून ठेवली होती. ही गोष्ट या गावाने पाइपांची राजधानी होण्याच्याही आधीची. ओठाला टोचू नये, जबड्याला भार होऊ नये म्हणून आयुष्यभर झिजलेले हे हात, आणि त्याच ओठांपर्यंत त्या नळीतून पोचलेले ते विष. दोहोंचा मेळ कसा घालायचा?

"मी स्वतः ओढणे केव्हाच सोडले," ते सावकाश म्हणाले. "माझा मुलगाही या कामात आला नाही. त्याचे मला वाईट वाटते, आणि वाटतही नाही."

त्यांनी ठशांना धक्का न लावता नळीवरचा हिरवा थर तेवढा हलक्या हाताने पुसला. प्रकाश आणि दमट हवा लागली की एबोनाइटमधले गंधक वर येते, म्हणून पाइप अंधारात, कोरड्या जागी ठेवा, असे बजावले.

आता तो पाइप आमच्या कपाटात सुती फडक्यात गुंडाळून ठेवला आहे. नातवंडे मोठी झाली की त्याबद्दल विचारतीलच. तेव्हा मामा कशाने गेले हे त्यांना सांगायचे, आणि ती चीर उजेडापुढे धरून तिच्यामागचा हातही दाखवायचा, असे आम्ही ठरवले आहे. दोन्हींपैकी एकच सांगितले तर ते अर्धेच होईल.