मोटारीची जन्मपत्रिका

उतारवयांत सातासमुद्रांपलीकडे जाण्याचा योग यावा, आणि तोहि एका जुनाट मोटारीच्या शोधार्थ, असें भाकीत कोणा ज्योतिष्यानें केलें असतें तर त्यास आम्ही हंसलों असतों. परंतु अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या चिरंजिवानें १९६५ सालची एक 'मस्टँग' घेऊन स्वहस्तें तिचा जीर्णोद्धार करण्याचा संकल्प सोडला होता, आणि सन २०२३ च्या ऑगस्टमध्यें आम्ही त्याच्याकडे गेलों, तों हा शोध ऐन भरांत होता. देवळाचा जीर्णोद्धार आपल्या परिचयाचा. मोटारीचा आम्हीं प्रथमच ऐकला.

डेट्रॉइट शहरास लागून डिअरबॉर्न म्हणून गांव आहे. तेथें रूज नदीच्या कांठीं फोर्ड कंपनीचा अवाढव्य कारखाना आहे. १७ एप्रिल १९६४ रोजीं मस्टँग प्रथम लोकांपुढें आली, तेव्हांच्या पुष्कळशा गाड्या येथेंच जन्मल्या. गांवांतील संग्रहालयांत या जातीची पहिल्या क्रमांकाची गाडी आहे. ती चुकून कॅनडांतील न्यूफाउंडलंडच्या एका वैमानिकास विकली गेली होती. १९६६ सालीं कंपनीनें त्यास नवी मस्टँग देऊन ती परत मिळविली. तिच्यासारख्या गाड्या लाखोंनीं निघाल्या, पण मोल त्या एका आंकड्याचें! डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर दर ऑगस्टांत १९९५ पासून जुन्या मोटारींची यात्रा भरते. पालखी पाहावयास बसावें तसे लोक दुतर्फा खुर्च्या टाकून बसलेले आम्हीं पाहिले.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशीं एका विक्रेत्याच्या आवारांत गेलों. तेथें तांबडीभडक मस्टँग उभी होती. आंतील बैठका फाटलेल्या, पण वरची झिलई आरशासारखी. इंजिन आठ सिलिंडरांचें आणि मुळांतलें, असें विक्रेता सांगत होता. किंमतींत चिरंजिवाची चार वर्षांची शिल्लक संपणार होती, तरी आम्हीच म्हणालों, "घेऊन टाक. अशी गाडी पुन्हां मिळायची नाहीं."

"अण्णा, थांबा. आधीं ही कोण आहे तें तर पाहूं," तो म्हणाला.

वाचकहो, या गाडीची जन्मपत्रिका अकरा अक्षरांची असते. पहिला ५ म्हणजे १९६५ चें वर्ष. पुढचें अक्षर कारखान्याचें: एफ् म्हणजे डिअरबॉर्न, आर् म्हणजे कॅलिफोर्नियांतील सॅन होझे, टी म्हणजे न्यू जर्सींतील मेटचन. मग छपराचे दोन आंकडे: ०७ स्थिर छपराची, ०८ उघडणाऱ्या छपराची, ०९ पाठीकडे उतरत्या छपराची. त्यापुढें इंजिनाचें अक्षर: सी, ए किंवा के असल्यास आठ सिलिंडर, टी असल्यास सहा. शेवटीं अनुक्रमांक. एकच टी दोन स्थानीं दोन अर्थ देतो, हें पाहून आम्हांस माहेश्वर सूत्रांत दोनदां येणाऱ्या णकाराची आठवण झाली. हा क्रमांक चालकाच्या दारावर रिव्हेटांनीं बसविलेल्या पट्टीवर असतो, आणि बॉनेट उघडल्यावर त्याच बाजूच्या आंतल्या पत्र्यावर ठोकलेलाहि असतो.

दारावरच्या पट्टीवर इंजिनाचें अक्षर ए होतें. चिरंजिवानें बॉनेट उघडून चिंधीनें धूळ पुसली. विजेरीच्या उजेडांत तेथें टी निघाला, आणि अनुक्रमांकहि निराळा. मग त्यानें चाकें दाखविलीं. आठ सिलिंडरांच्या मस्टँगला प्रत्येक चाकास पांच नट, सहांच्या मस्टँगला चार. येथें चारच होते. इंजिन मागाहून बसविलेलें, आणि पट्टी दुसरीच. विक्रेता हंसून म्हणाला, "पट्टी वाचतो कोण?"

हें ऐकून आम्हांस संताप यावयास हवा होता. आली ती लाज. खेड्यांतील शाळेंत आम्हीं पुष्कळ वर्षें प्रवेशाचें रजिस्टर लिहिलें. बापास मुलाची जन्मतारीख ठाऊक नसे. तेव्हां सहा वर्षें पुरीं धरून १ जून लिहावें आणि मोकळें व्हावें, असा आमचा परिपाठ. आज महाराष्ट्रांत १ जूनला वाढदिवस असणारे जे असंख्य लोक आहेत, त्यांतील कित्येकांची पट्टी आमच्या हातची. त्यांपैकीं एकजण पुढें भेटला. आम्हीं वय वर्षभर अधिक लिहिल्यामुळें नोकरीच्या परीक्षेची वयोमर्यादा त्याची थोडक्यांत हुकली होती. "गुरुजी, तुमचा हेतु वाईट नव्हता," एवढेंच म्हणून तो पायां पडला.

पुढील आठवड्यांत डिअरबॉर्नमध्येंच एका निवृत्त कामगाराच्या गॅरेजांत दुसरी मस्टँग पाहिली. रंग उडालेला, सहाच सिलिंडर, आणि म्हातारा सांगतहि तेंच होता. पट्टी व आंतला ठोका एकच. चिरंजिवानें दारांवरून चुंबक फिरविला. लांबी भरलेल्या जागीं तो धरीत नाहीं. पुढच्या कांचेखालच्या जाळींत तांब्याभर पाणी ओतलें, तें आंत पायांपाशीं ठिबकलें. हिंवाळ्यांत तिकडे रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यानें तळहि खाल्ला होता. "तेथें गळतें, हें मी सांगणारच होतों," म्हातारा म्हणाला. व्यवहार ठरला. पट्टीवर बांधणीची तारीखहि होती: ११ एफ्, म्हणजे ११ जून.

पूर्वीं पाहिलेला देवदत्त दुसऱ्या गांवीं, दुसऱ्या वेषांत भेटला तरी 'हाच तो' अशी जी ओळख पटते, तिला शास्त्रकार प्रत्यभिज्ञा म्हणतात. जीर्णोद्धाराचा आरंभ तेथून. ती ओळख नसेल तर नवा रंग म्हणजे केवळ सोंग.

आम्ही परतलों तेव्हां गाडी ठोकळ्यांवरच होती. पुढील वर्षीं ११ जूनला चिरंजिवाचा फोन आला, "अण्णा, आज हिचा वाढदिवस!" लोखंडाच्या गाडीस आपली तारीख नेमकी ठाऊक. दहाच दिवसांपूर्वीं, १ जूनला, आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे वाढदिवस साजरे झाले होते.