मस्कतचं ऊन, विनिपेगची थंडी आणि आपला पत्रा



आज पिकावर कमी आणि घरावर जास्त लिहितोय. पण विषय शेवटी रानातच येतो, म्हणून वाचा.

आम्ही दहावीचे तिघं मित्र. मी सांगोल्याकडं शेतीवर राहिलो. एकजण आयटीआय करून मस्कतला गेला, तिथं एसी दुरुस्तीचं काम करतो. दुसरा वेल्डिंग शिकला आणि फिरत फिरत कॅनडात विनिपेगला स्थायिक झाला. रविवारी रात्री नऊला आम्ही फोनवर बोलतो. त्यावेळी मस्कतला साडेसात वाजलेले असतात आणि विनिपेगला थंडीच्या दिवसात सकाळचे साडेनऊ. पोरंबाळं, दुखणी-खुपणी नंतर. पहिला प्रश्न ठरलेला, "हवा काय म्हणतीया?"

मग आकडे निघतात. जूनमध्ये मस्कतवाला म्हणाला, "आज ३८." मी म्हणलं, "मग सोपंच हाय की! आमच्याकडं मे मध्ये ४२ होतं." तर तो म्हणाला, "गड्या, नुसत्या आकड्यावर जाऊ नको. हितं समुद्राची दमट हवा. घाम येतो पण वाळत नाही. अंगावरनं नुसता निथळतो."

त्याचं म्हणणं मला नीट पटलं ते माठामुळं. माठातलं पाणी गार का होतं? बाहेरून झिरपलेलं पाणी वाळताना माठातली उष्णता घेऊन जातं. आपलं अंगही तसंच. घाम वाळला तर गार वाटतं. कुलरही त्याच तत्त्वावर चालतो. आपल्या एप्रिलच्या कोरड्या हवेत कुलर छान चालतो आणि पावसाळ्यात नुसता चिकचिकाट करतो, त्याचं कारण हेच. मस्कतच्या दमट दिवसात कुलर कामाचा नाही, एसीच लागतो. रात्रीसुद्धा पारा कित्येकदा तिशीच्या खाली येत नाही.

त्याच्याकडची एक गंमत सांगतो. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी एवढं तापतं की गार पाण्याच्या नळाला कढत पाणी येतं. मग लोक गीझरचं बटण बंद ठेवतात. गीझर घरात, सावलीत असतो, त्यामुळं त्यात साठलेलं पाणी निवतं आणि आंघोळीला तेच घेतात. म्हणजे गरम पाण्याच्या नळाला गार पाणी!

विनिपेगची तऱ्हा उलटी. जानेवारीत रात्री उणे ३० होतं. तिथं रात्री मोटारीला विजेची वायर जोडून ठेवतात, जनावर दावणीला बांधावं तशी. इंजिन थोडं गरम राहिलं तरच सकाळी गाडी सुरू होते. जमीन कित्येक फूट खोल गोठते, म्हणून पाण्याची पाइप त्याच्याही खाली पुरावी लागते. पण घरात २०-२१ अंश, माणूस आपला सदऱ्यावर. खिडकीला दोन काचा, मध्ये हवा कोंडलेली. भिंतीच्या पोटात कापसासारखा थर. मात्र घरातली हवा इतकी कोरडी पडते की ओठ फुटतात, म्हणून हवेत वाफ सोडायचं यंत्र लावतात.

मी विचारलं, "एवढ्या सोयी हायत, मग आठवण कशाची येती?" तो म्हणाला, "ओट्यावरच्या कोवळ्या उन्हाची." मस्कतवाला म्हणाला, "मला अंगणातल्या बाजेची. उघड्यावर झोपायची." सुख म्हणजे प्रत्येकाला आपल्याकडं नसलेलीच गोष्ट.

आता शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट. विनिपेगच्या आसपास बहुतेक गहू वसंतात पेरतात. पण काही शेतकरी थंडीआधी पेरून गहू हिवाळाभर रानात ठेवतात. उणे ३० मध्ये तो मरत कसा नाही? वरून बर्फ पडतं आणि ते बर्फच त्याचं पांघरूण होतं. भुसभुशीत बर्फात हवा अडकलेली असते, त्यामुळं वरची थंडी खाली पोचत नाही. बर्फ वाऱ्यानं उडून जाऊ नये म्हणून आधीच्या पिकाची उभी धसकटं तशीच ठेवून त्यातच पेरणी करतात. धसकटात बर्फ धरून राहतं.

हे ऐकून मला आईनं शिवलेली वाकळ आठवली. जुन्या लुगड्यांचे थर आणि थरात कोंडलेली हवा. वाकळ, बर्फ, दोन काचांची खिडकी, डाळिंबाच्या बुडातलं पाचट, सगळ्यांचं काम एकच. कोंडलेली हवा ना थंडी आत येऊ देते ना ऊन. आपल्या माळवदाच्या घरातही हेच होतं. जाड पांढऱ्या मातीचं छत दुपारचं ऊन वरच झेलायचं. माळवदं गळायला लागली, माती टाकणारी माणसं मिळेनात, आणि गावोगाव पत्रे आले. पत्रा टिकाऊ, स्वस्त, पण दुपारी खाली तवाच.

माझी आई ऐंशीच्या पुढची आहे. म्हाताऱ्या माणसाला तहान लवकर कळत नाही, घामही कमी येतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी तिला कासावीस व्हायचं. एसी परवडत नाही आणि आमच्या विजेचा भरवसा नाही. म्हणून पत्र्याच्या खाली वीतभर अंतर सोडून तुराट्यांचा तट्ट्या बांधला आणि पत्र्यावर चुन्याचे दोन हात दिले. पांढरा रंग ऊन परतवतो, मधली हवा उरलेलं अडवते. आता आई दुपारी त्याच खोलीत पडते. फक्त तुराट्या पेट घेतात, त्यामुळं चूल आणि विजेची वायर यांच्यापासून तट्ट्या लांब ठेवा.

घराचं झालं. रानाचं काय? मस्कतवाल्यानं सांगितलं, ओमानमध्ये १ जून ते ३१ ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम घ्यायला कायद्यानं बंदी आहे. आणि आपल्याकडं एप्रिलमध्ये कांदा काढणी भर दुपारी चालते. मागच्या साली शेजारच्या शिवारात एक बाई चक्कर येऊन पडली. वेळेवर सावलीत नेलं म्हणून वाचली.

मोबाइलवर ४१ दिसतं ते सावलीतलं असतं, हे लक्षात घ्या. हवामान खात्याचा थर्मामीटर पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतो. कांदा काढणारी बाई मात्र उघड्या काळ्या जमिनीवर बसलेली असते. ती जमीन मे महिन्यात साठीच्या पुढंही तापते.

यंदा मी बायांना म्हणलं, सकाळी सहाला या. तर एकजण म्हणाली, "सहाला यायचं तर भाकरी काय तीनला थापू का?" तिचं बरोबर होतं. घरचं पाणी, सैपाक, पोरांची शाळा, सगळं तिच्याच अंगावर. शेवटी सात ते बारा आणि चार ते साडेसहा असं ठरलं. हजेरी पूर्ण. मधल्या वेळेत बाया घरी जातात, लांबच्या असतील त्या लिंबाखाली टेकतात. तिथं माठ आणि मीठ-साखरेचं पाणी ठेवतो. काढणीला एक दिवस जास्त लागला, पण दुपारच्या उन्हात काढलेला कांदा पोळायचा तो वाचला आणि बायाही पुन्हा आनंदानं आल्या.

एसी प्रत्येकाला घेता येणार नाही. सावली, वारा, पाणी आणि कोंडलेली हवा एवढं तरी आपल्या हातात आहे. तुमच्या भागात दुपारची सुट्टी किती वेळ देता आणि पत्र्याखाली काय बांधता, ते जरूर सांगा. कृषी सहाय्यक, विद्यापीठाची मंडळी वाचत असतील तर मजुरांच्या वेळेबद्दलही चार शब्द बोला. पिकाला ताण बसला की आपण धावतो, माणसालाही तो बसतो.