बोट लागली, की साखर उतरली?

माझे दादा अडुसष्ट वर्षांचे. शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवून निवृत्त झाले. सिंधुदुर्ग, जंजिरा, खांदेरी यांची नावे त्यांनी हजारो मुलांकडून पाठ करून घेतली, पण स्वतः समुद्र कधी पाहिला नव्हता. आम्ही भंडारा जिल्ह्यातली माणसे. आमचे पाणी म्हणजे तलाव आणि वैनगंगा. लहानपणी पवनीला ढिवरांच्या डोंग्यात बसून नदी ओलांडायची, हीच आमची जलसफर.

2025 च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे जलदुर्गही आहेत. बातमी वाचून दादा म्हणाले, "आता नाही गेलो तर कधी जाऊ गा?" मग डिसेंबरात आम्ही निघालो. दादा, वहिनी, पुतण्या, माझी पत्नी आणि मी. सात दिवस आणि पाच जलदुर्ग असा बेत होता: कुलाबा, खांदेरी, जंजिरा, सुवर्णदुर्ग आणि शेवटी मालवणचा सिंधुदुर्ग. एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याला गाडीने जायचे आणि किल्ल्यावर लाकडी होडीने.

दादांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. औषधे माझीच. सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड आणि जेवणानंतर मेटफॉर्मिन. निघण्यापूर्वी मी त्यांना बजावले होते, "प्रवासात काहीही होवो, गोळी चुकवायची नाही." हे वाक्य लक्षात ठेवा. या लेखात चूक आहे ती याच वाक्यात.

पहिल्या दिवशी अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यात चालतच गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी थळच्या किनाऱ्यावरून मासेमारीच्या लाकडी बोटीने खांदेरीला निघालो. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटावर किल्ला बांधायला घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांनी तो अडवण्याचा प्रयत्न केला, हे सगळे दादा बोटीत चढता चढता आम्हाला सांगत होते.

किनारा मागे पडला तशी बोट डोलू लागली. थोड्या वेळाने दादांचे बोलणे थांबले. चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम आला आणि ते दोनदा उलटले. मी म्हणालो, "बोट लागली आहे, बेटावर उतरलात की बरे वाटेल."

बोट लागणे आणि गाडी लागणे हा एकच प्रकार. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. बोट हलते तेव्हा ती मेंदूला सांगते, "आपण हलतो आहोत." डोळे मात्र बोटीची फळी पाहत असतात आणि सांगतात, "सगळे स्थिर आहे." या दोन उलटसुलट निरोपांमुळे मळमळ, थंड घाम, फिकटपणा आणि उलटी होते. म्हणूनच दूर क्षितिजाकडे पाहिले की बरे वाटते आणि मोबाइलमध्ये डोके घातले की त्रास वाढतो. बोटीच्या मध्यभागी बसावे, तिथे हेलकावे कमी लागतात.

आम्ही खांदेरीवर उतरलो. पायाखाली जमीन आली, पण दादांना बरे वाटेना. एका दगडावर बसले, घाम थांबत नव्हता, हात थरथरत होते. मी पाणी दिले आणि "थोडे पडा" म्हणालो. तेवढ्यात माझ्याकडे बघून ते म्हणाले, "डोंगा पवनीले लागला का गा?"

मला वाटले थट्टा करताहेत, म्हणून मी हसलोही. बोटीचा तांडेल मात्र हसला नाही. तो पुढे आला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, यांना शुगर आहे का? आधी गोड द्या. माझ्या आईला असंच होतं."

तीस वर्षे मी हा आजार पाहतो आहे. समोर सख्खा भाऊ बसलेला होता. आणि ओळखले ते तांडेलाने.

आमचा ग्लुकोमीटर अलिबागच्या खोलीत बॅगेत राहिला होता. तांडेलाने चहासाठी ठेवलेली साखर आणली. तीन मोठे चमचे पाण्यात विरघळवून दादांना पाजली. सुदैवाने त्यांना गिळता येत होते. पंधरा मिनिटांनी थरथर थांबली आणि त्यांनी विचारले, "वेताळाचे देऊळ कुठल्या बाजूला आहे?" तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मग त्यांना बिस्किटे आणि केळे खाऊ घातले.

पुतण्याने नंतर सांगितले की उलटी होईल या भीतीने दादांनी सकाळी दोनच घास पोहे खाल्ले होते. गोळी मात्र नेमाने घेतली होती, कारण डॉक्टर भावाने तसे बजावले होते. जे दोन घास खाल्ले तेही समुद्रात गेले. गोळी पोटात गेलेली, अन्न नाही. ग्लिमेपिराइड शरीरातले इन्शुलिन वाढवते. अन्न आले काय, न आले काय, ती आपले काम करतच राहते.

दुपारी खोलीवर आल्यावर साखर तपासली तर 74 निघाली. एवढी साखर आणि बिस्किटे खाऊनही. अशा गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकतो, विशेषतः उतारवयात आणि मूत्रपिंडे कमजोर असतील तर. म्हणून एकदा बरे वाटले की संपले, असे समजू नये, साखर पुन्हा उतरू शकते. त्या रात्री मी दर तीन तासांनी उठून दादांची साखर तपासली.

आता माझी चूक नीट सांगतो. बोट लागणे आणि साखर उतरणे यांची लक्षणे बरीच सारखी असतात. घाम, फिकटपणा, मळमळ, गळून जाणे दोन्हींत दिसते. फरक ओळखायच्या खुणा अशा: जमिनीवर आल्यावर बोट लागलेल्या माणसाला हळूहळू बरे वाटू लागते, तर साखर उतरलेल्याला बरे वाटत नाही. हातांची थरथर, जोराची भूक, छातीत धडधड आणि मुख्य म्हणजे असंबद्ध बोलणे, हे साखरेचे लक्षण समजावे. मधुमेही माणूस विचित्र बोलू लागला तर हसू नका, आधी साखर तपासा. यंत्र जवळ नसेल तर साखर देऊन मोकळे व्हा. साखर उतरलेली नसेल तर तेवढ्या तीन चमच्यांनी फारसे बिघडत नाही. उतरलेली असेल आणि दिली नाही, तर जीव जाऊ शकतो.

समुद्रावर जाणार नसाल तरी हे तुमच्या कामाचे आहे. चिखलदऱ्याच्या घाटात बस लागली, लग्नाच्या जेवणानंतर जुलाब लागले, एकादशीचा उपवास केला, ताप येऊन तोंडाची चव गेली, तरी हेच होऊ शकते. म्हणून मधुमेही रुग्णांनी आणि घरच्यांनी एवढे लक्षात ठेवावे:

1. "जेवण पोटात राहिले नाही तर कोणती गोळी घ्यायची आणि कोणती नाही?" हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून घ्या. उलट्या-जुलाबात काही गोळ्या थांबवाव्या लागतात. इन्शुलिन मात्र स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करू नका.

2. साखर 70 च्या खाली गेली तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, गरज पडल्यास पुन्हा द्या. चॉकलेट आणि बिस्किटांचा परिणाम हळू होतो, ती नंतर द्या.

3. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांनी ग्लुकोज पावडरच जवळ ठेवावी. या गोळ्यांमुळे साधी साखर लवकर पचत नाही.

4. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. 108 ला फोन करा.

5. प्रवासात उलटी थांबवणारी गोळी निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी लागते. तिने झोप येते. प्रोस्टेट किंवा काचबिंदू असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

6. ग्लुकोमीटर खोलीत नाही, अंगावरच्या पिशवीत ठेवा.

पुढचा प्रवास आम्ही सोडला नाही. दादांच्या गोळ्यांची मांडणी बदलली: आधी खायचे, अर्धा तास वाट बघायची, मगच बोटीत चढायचे. राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होडीतून गेलो. शिडात वारा भरला तशी होडी संथ निघाली आणि दादा मध्यभागी बसून क्षितिजाकडे पाहत राहिले. सातव्या दिवशी सिंधुदुर्गाच्या तटावर उभे राहून त्यांनी आम्हा सगळ्यांचा इतिहासाचा तास घेतला. त्यांच्या खिशात ग्लुकोजची पुडी होती.

"काहीही होवो, गोळी चुकवायची नाही" असे मी आता कुणालाच सांगत नाही. "जेवलात ना? मग गोळी घ्या," असे सांगतो.