आजरोजी ताबा दिला

आमच्या विदर्भात घर विकल्याच्या कागदाला विक्रीपत्र म्हणतात. त्यात दोन पक्ष असतात : लिहून देणार आणि लिहून घेणार. दोन्ही नावे भविष्यकाळाच्या रूपाची, पण खालचा मजकूर मात्र सगळा भूतकाळात असतो. रक्कम मिळाली, हक्क संपला, ताबा दिला. व्याकरणाची ही विसंगती मला फार उशिरा जाणवली. लहानपणी ती भाषा घरातच इतकी होती की तिच्याकडे भाषा म्हणून पाहण्याचे सुचले नाही. माझे वडील अर्जनवीस होते. हिंगणघाटच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर, कडुनिंबाखाली टिनाची पेटी आणि शाईचा पेन घेऊन ते तीसेक वर्षे बसले. गावातल्या किती घरांच्या आणि शेतांच्या चतुःसीमा त्यांच्या हातून उतरल्या असतील, याची मोजदाद नाही.

मार्च 1996 मध्ये त्यांनी स्वतःच्या घराचे विक्रीपत्र लिहिले. लिहिणारे तेच आणि लिहून देणारही तेच. त्यात नेहमीचे वाक्य होते : सदर घराचा प्रत्यक्ष ताबा आजरोजी लिहून घेणार यांस दिला आहे. आणि आम्ही त्या घरातून बाहेर पडलो फेब्रुवारी 1997 मध्ये.

मधल्या अकरा महिन्यांविषयी मला लिहायचे आहे. ते मी आजवर टाळले, कारण या गोष्टीत आपली बाजू नेमकी कोणती हे ठरत नव्हते.

आमचे घर जुन्या हिंगणघाटात होते. हे गाव दोन तुकड्यांचे आहे. इंग्रजी काळातल्या गॅझेटियरातही जुने हिंगणघाट म्हणजे वणा नदीच्या पुराच्या टप्प्यातली मातीच्या घरांची वस्ती, आणि नवे हिंगणघाट म्हणजे आखून वसवलेला भाग, असा भेद नोंदलेला आहे. एकोणिसाव्या शतकात ‘हिंगणघाट’ हे विलायतेच्या बाजारात कापसाच्या एका प्रतीचे नाव होते. पुढे बन्सीलाल अबीरचंद आणि मोहता या गिरण्या आल्या आणि गावाचे घड्याळ भोंग्यांवर चालू लागले. आमच्या घराच्या भिंती मातीच्या, वर कवेलू, पुढे ओसरी आणि मागे विहीर. आजी सांगायची की नदी चढली की घर एका रात्रीत रिकामे करता येते. धान्याची कोठी आधी, देव नंतर, माणसे शेवटी. त्यासाठी मुहूर्त लागत नसे.

घर विकायचे कारण साधे होते. ताईच्या लग्नाचे कर्ज फिटत नव्हते, आणि थोरला भाऊ वर्ध्याला स्थायिक झाला होता. त्याच्या जवळ दोन खोल्यांचे जुने घर घ्यावे, उरलेल्या पैशात कर्ज फेडावे, असा बाबांचा हिशेब होता. घेणारा भेटला तो पंचक्रोशीतल्या एका शेतकरी कुटुंबातला तरुण. त्यांच्या घरातला शहरगावात घर घेणारा हा पहिला. तेव्हा एकाधिकार कापूस खरेदी योजना चालू होती. 1972 साली सुरू झालेल्या त्या योजनेत कापूस पणन महासंघाला घालायचा आणि चुकाऱ्याची वाट पाहायची. दोन हंगामांचे चुकारे आणि आईचे दागिने एकत्र करून त्याने पूर्ण रक्कम आणली. काहीही बाकी ठेवले नाही. जाणते खरेदीदार ताब्यापर्यंत थोडी रक्कम हातात राखतात. हा सल्ला बाबांनीच आयुष्यभर लोकांना दिलेला. याला तो कोणी दिला नाही, कारण याचा अर्जनवीस म्हणजे विकणाराच होता.

‘अक्षय तृतीयेपर्यंत आम्ही निघतो,’ असे बाबा तोंडी म्हणाले. येता-जाता ‘कागद करा, शब्दावर जाऊ नका’ असे बजावणाऱ्या माणसाने स्वतःच्या मुक्कामाच्या मुदतीचा कागद मात्र केला नाही.

कायदा या बाबतीत कोरडा आणि स्पष्ट आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 प्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या घराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते; आणि दस्त एकदा नोंदला की मालकी जाते, मग चुलीवर कोणाचे भांडे आहे हे पाहिले जात नाही. कलम 55 सांगते की खरेदीदाराने मागितल्यावर ताबा देणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. न दिल्यास तो दिवाणी दाव्याने मिळवता येतो, आणि मधल्या काळातल्या अनधिकृत वापराची भरपाईही मागता येते. हे सारे बाबांना पाठ होते. म्हणजे त्या अकरा महिन्यांत ते दुसऱ्याच्या घरात राहत आहेत, हे सगळ्या गावात सर्वांत नेमके कोणाला ठाऊक असेल तर ते त्यांनाच.

अक्षय तृतीया गेली. बाबा म्हणाले, उन्हाळ्यात आईला प्रवास झेपणार नाही. जून उजाडला तो अधिक आषाढ घेऊन; अधिक महिन्यात घर बदलत नाहीत. मग निज आषाढ आणि लगेच चातुर्मास. गणपती ‘या घरातले शेवटचे’ म्हणून झाले. पितृपक्षात कोणी हलतच नाही. दसरा चांगला होता, पण तोवर दिवाळी दिसू लागली आणि दिवाळीही शेवटची ठरली. तुळशीचे लग्न झाले. मार्गशीर्षात आईचे गुरुवार होते. पौष तर निषिद्धच. आपले पंचांग नीट वाचले तर असे दिसते की माणसाने घर सोडावे असा महिना ते कोठेच ठेवत नाही. गंमत अशी की बाबांनी तोवर आयुष्यात कधी पंचांग उघडलेले नव्हते. ताईच्या लग्नाची तारीखसुद्धा त्यांनी मंगल कार्यालय रिकामे पाहून धरली होती.

लिहून घेणारा दर पंधरवड्याला येई. ओसरीच्या खालीच उभा राही. स्वतःच्या घराची पायरी तो चढत नसे. ‘काकाजी, तुमाले जवा सोयीचं पडन तवा जा, पन एक तारीख तेवढी सांगा.’ बाबा तारीख सांगत. तो ती मान्य करून जाई. आवाज चढवल्याचे एकदाच आठवते, श्रावणाच्या आधी. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते आणि भाड्याची खोली पावसात गळत होती. त्या दिवशी बाबा आत निघून गेले आणि आईने त्याला चहा दिला. तो त्याने घेतला नाही.

दसऱ्यानंतर वकिलाची नोटीस आली. पंधरा दिवसांत ताबा द्यावा, अन्यथा दावा. बाबांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, ‘मसुदा बरा आहे.’ पोच लिहून दिली, आणि पंधरा दिवस गेले.

मी त्या वेळी नागपूरला एम. ए. करत होतो. महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ येऊन दहा-अकरा वर्षे झाली होती, ते आमच्या वर्गात अटीतटीने वाचले जाई. आणि चेखॉव्हचे ‘चेरी ऑर्चर्ड’ मी नुकतेच वाचले होते. अशा वाचनाचा एक तोटा असतो. घर सोडणारा प्रत्येक जण त्यामुळे सुंदर दिसू लागतो. शनिवारी घरी आलो की ओसरीवर बसून मी कवेलूंकडे पाहायचा आणि एका संस्कृतीचा अस्त पाहत असल्यासारखे मनाशी करुण व्हायचा. अस्त वगैरे काही नव्हते. तीन खोल्यांचे मातीचे घर होते आणि ते विकले गेले होते.

दिवाळीनंतर त्याने अंगणात विटा आणि वाळू उतरवली. आम्ही घरात असताना! मी पेटलो. चौथ्या अंकात रानेव्हस्काया अजून घरातच असताना बागेत कुऱ्हाडी चालू होतात आणि आन्याला येऊन सांगावे लागते की आई निघेपर्यंत तरी झाडे तोडू नका; तोच प्रसंग जणू आमच्या विहिरीपाशी घडत होता. मी त्याला रस्त्यात गाठून बरेच बोललो. सभ्यता, वय, भावना हे शब्द त्यात होते. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘भट्टीवाल्यानं पैशे घेतले होते जी, विटा आनाच लागल्या.’ त्या विटांना आम्ही निघेपर्यंत त्याने हात लावला नाही.

त्या नाटकाचा हिशेब मी खूप नंतर केला. लिलाव 22 ऑगस्टचा आणि चौथा अंक ऑक्टोबरातला. म्हणजे मालकी गेल्यावर दीड-दोन महिन्यांत ती मंडळी निघतात, आणि लोपाखिन त्यांच्यासाठी स्टेशनावरून आठ रुबलची शॅम्पेन आणतो, जी एकटा याशा पिऊन टाकतो. लोपाखिन हा सर्वार्थाने सभ्य माणूस आहे, असे चेखॉव्हने स्तानिस्लाव्हस्कीला मुद्दाम पत्रातून कळवले होते. तरी वर्गात आपण शिकवतो ती कुऱ्हाड. शॅम्पेन विद्यार्थ्यांच्या टिपणात येत नाही. आपल्याकडचे वाड्यांवरचे लेखन, त्यात मी स्वतः लिहिलेले दोन लेखही आले, बहुतेक निघणाऱ्याच्या खांद्यावरून लिहिलेले आहे. ओसरीखाली उभ्या असलेल्या माणसाचे दुःख आपल्याला वाङ्मयीन वाटत नाही. त्याच्याकडे रक्कम असते आणि म्हणून त्याच्याकडे आणखी काही असण्याची गरज नाही, असे आपण गृहीत धरतो.

कौटिल्याचा या बाबतीतला तोल मला आवडतो. ‘निघ’ म्हटल्यावरही घरात राहणाऱ्याला तो बारा पण दंड सांगतो आणि भाडे भरलेल्याला हुसकावणाऱ्यालाही बाराच. ते नियम भाडेकरूंचे आहेत, विकणाऱ्याचे नव्हेत. पण दोन्हीकडचा अन्याय एकाच वजनाने तोलण्याची रीत त्यात दिसते.

बाबा का हलत नव्हते, हे मला त्यांच्या मृत्यूनंतर आईकडून कळले. वर्ध्याच्या ज्या घराचे पैसे त्यांनी देऊन टाकले होते, त्या घरातली माणसे निघत नव्हती. त्यांनी नागपूरला एका इमारतीत सदनिका घेतली होती आणि ती इमारत अर्धवट उभी होती. तिसऱ्या मजल्यापर्यंत स्लॅब, पुढे काम बंद. म्हणजे नागपूरच्या एका पायाडासाठी वर्ध्याचे एक कुटुंब अडले होते, त्याच्यासाठी आम्ही, आणि आमच्यासाठी एक बाळंतीण गळक्या खोलीत. बाबांनी वर्ध्याच्या विक्रीपत्रातही ते वाक्य स्वतःच्या डोळ्यांनी वाचून सही केली होती : ताबा आजरोजी दिला आहे. तीस वर्षे ज्याने ते वाक्य लिहिले, तोच त्या वाक्याने फसला होता. हे गावात सांगणे त्यांना जमले नाही. अधिक महिना सांगणे जमले.

मला यातले सर्वांत टोचते ते हे की खरे कारण त्यांनी त्या मुलालाही सांगितले नाही. सांगितले असते तर तो समजला असता. तो समजणाऱ्यातला होता.

निघालो तेव्हा मुहूर्त नव्हता. कापसाचा हंगाम, गावातले सगळे ट्रक गाठींच्या आणि सरकीच्या वाहतुकीत गुंतलेले. एक ट्रक वर्ध्याकडे रिकामा जात होता, तो भल्या पहाटे मिळाला. देव आईच्या मांडीवर होते. वर्ध्याच्या घरातली माणसे आदल्या आठवड्यात नातेवाइकांकडे गेली होती. इमारत तशीच होती, पण ती माणसे थकली होती. बाबांनी किल्ली त्या तरुणाच्या भाड्याच्या खोलीवर नेऊन दिली. मी बरोबर होतो. खोलीत साडीची झोळी टांगलेली होती आणि कोपऱ्यात गळतीखाली ठेवायचे पातेले अजून तसेच होते, पावसाळा कधीचा सरला असूनही.

मध्यंतरी हिंगणघाटला एका व्याख्यानासाठी जाणे झाले. पाय जुन्या वस्तीकडे वळले. घर आता पक्के आहे, विहिरीवर जाळी आहे. त्याने मला ओळखले आणि आत नेले. ओसरी होती तिथे बैठकीची खोली झाली आहे. त्या अकरा महिन्यांचे त्याचे भाडे महिना तीनशे होते, हे मला आईने सांगून ठेवले होते. तेहतीसशे रुपयांचे पाकीट मी पिशवीत घेऊन गेलो होतो. किती वर्षांचे व्याज लावायचे हे न ठरल्यामुळे मुद्दलच घेतले होते. चहा आला. मुलीचे लग्न झाल्याचे त्याने सांगितले. ‘ह्याच घरात व्हायची होती ते,’ तो हसून म्हणाला, ‘पन झाली तिकडे, खोलीवर.’ त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर पाकीट बाहेर काढणे सोपे गेले असते. मी ते काढले नाही.

बाबांचा विषय निघाला तसा तो उठला आणि कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले विक्रीपत्र घेऊन आला. घडीवर कागद विरला होता, शाई मात्र टिकली होती. दुसऱ्या पानावर बोट ठेवून त्याने ते माझ्यापुढे सरकवले. बोटाच्या वरच ते वाक्य होते.

‘अक्षर पाहा काकाजींचं,’ तो म्हणाला. ‘आता असं कोनी लिहीत नाही.’