पंधराशेचा तक्ता

आमच्या घरात दोघांना एकाच सुमारास वजन कमी करायला सांगितलं गेलं: माझ्या यजमानांना आणि त्यांच्या थोरल्या बहिणीला, ताईंना. यांच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं होतं. ताईंना मधुमेह होता, शिवाय जिना चढताना गुडघे बोलायचे. दोघं एकाच ठिकाणी सल्ल्याला गेले आणि दोघांच्या हातात एकच छापील तक्ता पडला, दिवसाला १५०० कॅलरींचा. सकाळी वाटीभर पोहे, दुपारी दोन फुलके, भाजी, आमटी, काकडी, संध्याकाळी मूठभर फुटाणे, रात्री भाकरी आणि पालेभाजी. स्वयंपाक माझ्याकडे, त्यामुळे दोघांची ताटं मीच वाढत होते. त्यासाठी छोटा डिजिटल काटाही आणला होता. फुलक्याचा उंडासुद्धा त्यावर ठेवून मग लाटायचा, इतकं ते काटेकोर चाललं होतं.

तीन महिन्यांत यांचं वजन ९४ वरून ८५ किलोवर आलं. ताई मात्र ६८ वरून ६७ वर आल्या, आणि मध्ये दोनदा परत ६८ वर गेल्या.

मग सुरू झालं बोलणं. शाळेत दुसऱ्यांच्या डब्यातलं खात असतील. घरी गेल्यावर काहीतरी तोंडात टाकत असतील. दुसऱ्या भेटीत तर सरळ सांगितलं गेलं, ‘तुम्ही तक्ता पाळत नाही, बघा, तुमच्या भावाला जमतंय.’ ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका. शेकडो पोरांना वळण लावलेली बाई तिथून मान खाली घालून बाहेर आली. त्या वाक्याचा राग मला आजही येतो, कारण ताट मी वाढत होते.

खाणं कमी केलं की वजन उतरतं, यात खोटं काही नाही. शरीराला लागते त्यापेक्षा कमी ऊर्जा मिळाली की ते साठ्यातली वापरतं, आणि याला कुणीही अपवाद नाही. प्रश्न आहे तो ‘कमी’ म्हणजे कशाच्या तुलनेत कमी, हा. यांची उंची पाच फूट नऊ इंच, ताईंची जेमतेम पाच फूट. विश्रांतीच्या अवस्थेत शरीर किती ऊर्जा खर्च करतं हे काढण्यासाठी आहारतज्ज्ञ सहसा मिफ्लिन-सेंट जिओर नावाचं सूत्र वापरतात. ते १९९० साली प्रसिद्ध झालं आणि त्यात वजन, उंची, वय आणि लिंग एवढंच घालायचं असतं. त्यात आकडे घालून दिवसभराची हालचाल धरली, तर यांचा खर्च निघतो सुमारे २५०० कॅलरी आणि ताईंचा १६००. म्हणजे १५०० च्या त्याच तक्त्यावर भावाला रोज हजाराची तूट पडत होती आणि बहिणीला शंभराची. तो कागद ज्यांनी दिला त्यांनी ही वजाबाकी केली असती, तर ताईंना ते वाक्य ऐकावं लागलं नसतं.

शंभर कॅलरी म्हणजे किती, हे स्वयंपाकघरात उभं राहिल्यावर कळतं. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे साधारण १२० कॅलरी. मी फुलके मोजत होते, फुटाणे मोजत होते, पण फोडणीचं तेल नेहमीच्या पळीने अंदाजानेच पडत होतं. एकदा ती पळी काट्यावर धरली, तेव्हा मी जे ‘थोडंसं’ म्हणत होते ते भरलं जवळपास दोन चमचे. भेंडीत आणि पालेभाजीत घातलेलं शेंगदाण्याचं कूट वेगळंच, आणि शंभर ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. ताटागणिक वाटणी केली तरी दिवसाला दीडशे-दोनशे कॅलरी तक्त्याबाहेरच्या पोटात जात होत्या, दोघांच्याही. यांच्या हजारातून दोनशे गेले तरी आठशे उरत. ताईंच्या शंभरातून मात्र काहीच उरत नव्हतं.

हे फक्त आमच्याच घरात घडतं असं नाही. न्यूयॉर्कमध्ये स्टीव्हन लिक्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा लोकांचा अभ्यास केला होता, जे सांगत की आम्ही दिवसाला १२०० च्या आतच खातो, तरी वजन हलत नाही. शरीराने खरोखर किती ऊर्जा खर्च केली हे मोजण्याची एक पद्धत आहे. खुणेचे अणू असलेलं पाणी प्यायला देतात आणि पुढचे काही दिवस लघवीतून ते अणू किती वेगाने बाहेर पडतात ते पाहतात. तसं मोजल्यावर दिसलं की ही मंडळी आपलं खाणं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगत होती आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. त्यांचा चयापचय मंद नव्हता. १९९२ साली हा अभ्यास छापून आला, आणि तेव्हापासून ‘बघा, लठ्ठ माणसं खोटं बोलतात’ असं म्हणायला तो अनेकदा वापरला जातो. मला तो तसा वाचवत नाही. पळीतलं तेल कुणाच्याच हिशेबात नसतं, बारीक माणसाच्याही नसतं. बारीक माणसाला त्याचा जाब कुणी विचारत नाही, एवढाच फरक.

एका आकड्याने सगळ्यांचं भागत नाही, हे तर फार पूर्वीच सिद्ध झालेलं आहे. दुसरं महायुद्ध संपत आलं असताना अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. युद्धानंतर युरोपातल्या भुकेल्या माणसांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं, हे त्यांना शोधायचं होतं. तरुण सगळे स्वेच्छेने आलेले, सदसद्विवेकाला स्मरून हत्यार धरायला नकार दिलेले. चोवीस आठवडे या सगळ्यांना सरासरी निम्म्या आहारावर ठेवलं. मुख्यतः बटाटे, ब्रेड, सलगम, मॅकरोनी, आणि आठवड्याला २२ मैल चालणं. वजन सुमारे चौथ्या हिश्श्याने उतरावं असं ठरलेलं होतं. पण प्रत्येकाला तेवढ्यावर आणायचं, तर सगळ्यांना सारखं वाढून चालेना. कुणाचं वजन ठरल्यापेक्षा भराभर उतरे, कुणाचं अडून बसे, आणि त्याप्रमाणे ज्याच्या त्याच्या ताटातले ब्रेडचे तुकडे कमी-जास्त करावे लागत. निवडून घेतलेली निरोगी, तरुण माणसं, एकाच इमारतीत राहणारी, एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी, आणि तरीही! शिवाय खाणं घटलं तसा त्यांच्या शरीरांनी खर्चही घटवला. मुलं थंडीने कुडकुडत, नाडी मंदावली, पायांवर सूज आली. या सुजेतलं पाणी काट्यावर वजन म्हणूनच दिसतं, त्यामुळे चरबी झडत असूनही आकडा हलत नाही असंही होतं.

कॅनडातल्या क्लॉद बुशार यांनी उलट बाजूने पाहिलं. जुळ्या तरुणांच्या १२ जोड्यांना त्यांनी ८४ दिवस रोज १००० कॅलरी जास्त दिल्या. कुणाचं वजन सव्वाचार किलोच्या आसपास वाढलं, कुणाचं तेरा किलोंच्या वर. एका जोडीतले दोघे भाऊ मात्र बरेचसे सारखे वाढले. जे अंगी लागण्याच्या बाबतीत खरं, ते झडण्याच्या बाबतीत अगदीच खोटं कसं असेल?

ताईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती, आणि ती धोक्याची होती. मधुमेहासाठी त्या मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड घेत. ही गोळी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते आणि तिने वजन वाढण्याकडेच कल राहतो. खाणं कमी करायचं आणि गोळी तेवढीच ठेवायची, म्हणजे साखर एकदम खाली येऊ शकते. अकराच्या सुमारास शाळेत त्यांना दरदरून घाम यायचा, हात थरथरायचे, मग पर्समधली ग्लुकोज बिस्किटं खाल्ल्यावर बरं वाटायचं. हेच ते ‘चोरून खाणं’. त्या बिस्किटांनी त्यांना सावरलं होतं. तक्ता देताना औषधांची यादी कुणी मागितलीच नव्हती.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी गोळ्या पाहिल्या, थायरॉइड तपासायला लावलं (ते ठीक निघालं), ग्लिमेपिराइड आधी निम्मी केली आणि नंतर बंद केली. स्नायूंची ताकद जोखायला पंजाची पकड पाहिली, खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावलं. आपल्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त असा बांधा खूप आढळतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे वर्षानुवर्षं अभ्यासलं आहे. त्यांचं आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आलं होतं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. स्नायू कमी म्हणजे बसल्या जागी होणारा खर्चही कमी. तेव्हा ताईंचं खाणं नुसतं आणखी छाटत गेलं असतं, तर उरलेले स्नायूही गेले असते.

आता त्यांच्या ताटात दुपारी डाळ दुप्पट असते, सकाळी अंडी, रात्री दही किंवा पनीर, भाकरी एकच. आठवड्यातून तीनदा त्या रबरी पट्टे ओढण्याचा व्यायाम करतात. एकूण बेरीज १३०० च्या आसपास जाते, आणि तेल चमच्याने मोजूनच कढईत पडतं. वर्षभरात पाच किलो उतरले आणि एचबीए१सी ८.१ वरून ६.८ वर आलं. भावाचे नऊ किलो जितक्या कौतुकाने सांगितले गेले, तितकं या पाच किलोंचं कौतुक नातेवाइकांत झालं नाही. माझ्या लेखी मात्र ते मोठे आहेत.

यांचं वजन ८४ वर येऊन थांबलं आणि लग्नसराईत ८७ झालं. शरीर हलकं झालं तसा त्यांचा खर्चही घटला होता, त्यात १५०० वर कायम राहणं त्यांना झेपेना. मग ताईंनीच एका रविवारी वही घेऊन भावाला समोर बसवलं. उंची, वय, आजचं वजन लिहून घेतलं, बाहेरच्या जेवणाचे दिवस विचारले आणि आकडा काढला १९००. तो जुना छापील तक्ता अजून फ्रिजवर होता. त्याच्या जागी आता दोन वेगवेगळे कागद लागले आहेत.