मुलींत पहिली

शाळेत असताना एकदा वडिलांबरोबर साताऱ्याहून एस.टी.ने सांगलीला बुद्धिबळाच्या स्पर्धेसाठी गेले होते. सात डावांपैकी सहा हरले, एक जिंकले. बक्षीस समारंभात अचानक माझे नाव पुकारले गेले : 'मुलींत पहिली'. स्टीलचा डबा मिळाला. स्पर्धेत मी एकटीच मुलगी होते. परतताना वडील तो डबा मांडीवर घेऊन कौतुकाने बसले होते. जिंकलेल्या डावात माझ्या घोड्याने राजाला शह देत वजीर टिपला होता, त्याविषयी मात्र त्यांनी काहीच विचारले नाही.

रोहिणी खाडिलकर हे नाव मला पुष्कळ वर्षांनी, आणि तेही नाटकाच्या वाटेने, भेटले. वर्गात 'कीचकवध' शिकवायचे होते म्हणून नाटककार खाडिलकरांविषयी वाचत होते. कृष्णाजी प्रभाकरांचा जन्म १८७२चा, सांगलीचा. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर हे त्यांचे नातू. आणि वासंती, जयश्री व रोहिणी या नीलकंठरावांच्या मुली. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली सुरू झाली. पहिल्या तीन वर्षांची अजिंक्यपदे या तीन बहिणींनी ओळीने मिळवली. (हा पराक्रम मुंबईतल्या घरचा; पणजोबांच्या जन्मगावाने त्यावर फार हक्क सांगू नये.)

माझे वाचन अडले ते १९७६पाशी. त्या वर्षी तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे, जे स्वतः माजी जगज्जेते होते, यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. कुस्तीच्या फडात वजनाचा, ताकदीचा मुद्दा कोणी काढला असता तर समजता आले असते. इथे तर दोघांनी खुर्चीवर बसायचे आणि लाकडी सोंगट्या हलवायच्या! आपल्या पटावर तशी स्त्री नाहीच म्हणा. युरोपात जी राणी, तो आपला वजीर.

म्हणून महिलांच्या स्पर्धा नकोत असे मी म्हणणार नाही. रोहिणी खाडिलकरही पुढे १९८१ आणि १९८३ साली आशियाई महिला विजेत्या झाल्या. आमच्या बाजूला सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने खेळ जागता ठेवला. तिथल्याच स्वाती घाटे महिला ग्रँडमास्टर झाल्या. वेगळ्या स्पर्धेमुळे मुलीला मुलींची सोबत मिळते, आणि सोबत नसणे म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. खटकतो तो किताबातला फरक. 'महिला ग्रँडमास्टर'ची पायरी 'ग्रँडमास्टर'पेक्षा खालची ठेवलेली आहे, आणि कौतुक करणारे बहुधा त्याच पायरीवर थांबतात. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली बातुमीला महिला विश्वचषक जिंकला, आणि त्या विजयाने तिला थेट ग्रँडमास्टर केले. त्या रात्री मी उशिरापर्यंत जागी होते.

डबा अजून स्वयंपाकघरात आहे, त्यात बेसन असते. त्या एका डावाच्या नोंदीचा कागद मात्र कुठे गेला कोण जाणे. सुरुवातीच्या पाच-सहा चाली आठवतात. मग घोडा नेमका कुठून आला, ते पट मांडूनही जुळत नाही.